अल्झायमर नावाचे डॉक्टर

चष्मा कपाळावर असताना घरभर शोधणारा माणूस आता हसत हसत आपल्याला अल्झायमर झाल्याचं सांगतो. शब्द इतका रुळला आहे, की ते एका माणसाचं आडनाव आहे हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ज्यांना माहीत असतं त्यांचीही समजूत अशी, की या गृहस्थांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक नवा रोग शोधला आणि ते जगप्रसिद्ध झाले. हे अर्धंच खरं आहे. डॉ. अलॉइस अल्झायमर यांना त्यांच्या हयातीत या रोगामुळे फार कीर्ती मिळाली नाही. आणि शोध लावण्याइतकाच वेळ त्यांनी आणखी दोन गोष्टींना दिला. एक म्हणजे रुग्णाच्या पलंगाशेजारी बसून त्याला साधे साधे प्रश्न विचारणं, आणि दुसरी म्हणजे इतर डॉक्टरांना नीट पाहायला शिकवणं. स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया वेळीच का ओळखला जात नाही, याचं उत्तर आजही या दोन गोष्टींपाशीच येऊन थांबतं. म्हणून आज त्यांच्याविषयी.

त्यांचा जन्म १४ जून १८६४ चा. गाव मार्क्टब्राइट, बव्हेरियातलं, माइन नदीच्या काठचं. वडील नोटरी होते. त्यांची पहिली पत्नी एक मुलगा मागे ठेवून गेली आणि त्यांनी तिच्याच बहिणीशी लग्न केलं. अलॉइस हे त्या दुसऱ्या संसारातले. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब आशाफेनबुर्गला गेलं. पुढे बर्लिन, ट्युबिंगेन आणि वुर्झबुर्ग इथं त्यांनी वैद्यकाचं शिक्षण घेतलं. त्या काळी जर्मन विद्यार्थ्यांमध्ये तलवारबाजीच्या मंडळांचं मोठं प्रस्थ होतं. अल्झायमरही त्यात होते आणि डाव्या गालावर वार खाऊन बसले. तो व्रण जन्मभर राहिला.

१८८७ मध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय ऐकून आज हसू येईल. तो होता कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर. पण याच कामात त्यांना सूक्ष्मदर्शकाची गोडी लागली. पातळ काप घ्यायचा, तो रंगवायचा, तासन्‌तास पाहायचा आणि पाहिलेलं हाताने रेखाटायचं. पुढे कानाची जागा मेंदूने घेतली, रीत मात्र तीच राहिली.

डिसेंबर १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. मनोरुग्ण आणि अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांसाठी शहराने बांधलेली ही वास्तू इतकी भव्य होती, की लोक तिला वेड्यांचा राजवाडा म्हणत. ती उभी करण्यामागे हाइनरिश हॉफमान हे डॉक्टर होते. जर्मन मुलांना ते ‘श्ट्रुवेलपेटर’ या चित्रपुस्तकाचे लेखक म्हणून अधिक ठाऊक. अल्झायमर आले तेव्हा प्रमुख होते एमिल सिओली. रुग्णांना बांधून ठेवू नये, कोंडू नये, या मताचे ते होते. आक्रस्ताळ्या रुग्णाला साखळदंडाऐवजी कोमट पाण्याच्या टबात बराच वेळ बसवून शांत करायचं, असे उपचार तिथं चालत. अल्झायमर यांना हे मनापासून पटलं. बांधलेल्या माणसाशी बोलता येत नाही, हे त्यामागचं एक व्यावहारिक कारणही असावं.

पुढच्याच वर्षी फ्रान्झ निसल तिथं आले. चेतापेशी रंगवण्याची त्यांची पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या दोघांची गट्टी जमली ती अशी, की दिवसभर रुग्ण आणि रात्री सूक्ष्मदर्शक. तोवर मनोविकारांचा अभ्यास करणाऱ्यांचे ढोबळ दोन तट होते. एकांना रुग्णाच्या बोलण्यात रस होता, तर दुसऱ्यांना मृत्यूनंतरच्या मेंदूत. जिवंतपणी ज्याची लक्षणं रोजच्या रोज लिहून ठेवली आहेत, त्याचाच मेंदू नंतर तपासायचा आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचायच्या, हे या दोघांनी नेटाने केलं. ऐकायला साधं वाटतं. पण त्यासाठी आधी रुग्णाजवळ बसून सविस्तर लिहिणारा डॉक्टर हवा.

१८९४ मध्ये अल्झायमर यांनी सेसिली गाइसेनहाइमर यांच्याशी लग्न केलं. त्या एका हिरे व्यापाऱ्याच्या विधवा, ज्यू कुटुंबातल्या आणि सधन होत्या. तीन मुलं झाली. संसार जेमतेम सहा-सात वर्षांचा ठरला. फेब्रुवारी १९०१ मध्ये सेसिली गेल्या. मुलांना सांभाळायला अल्झायमर यांची बहीण येऊन राहिली आणि त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या वॉर्डात एक बाई दाखल झाल्या.

ऑगस्टे डेटर त्यांचं नाव. वय ५१. नवरा रेल्वेत कारकून. सुरुवात विसरण्यापासून झालीच नव्हती. आधी त्या नवऱ्यावर संशय घेऊ लागल्या. मग स्वयंपाक बिघडायला लागला, घरातल्या वस्तू भलत्याच जागी लपवल्या जाऊ लागल्या, शेजारपाजारच्यांची भीती वाटू लागली. नवऱ्याला काही सुधरेना. २५ नोव्हेंबर १९०१ ला त्यांना भरती केलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी अल्झायमर त्यांच्यासमोर वही घेऊन बसले.

या भेटीची नोंद आज उपलब्ध आहे आणि ती वाचताना अंगावर काटा येतो. त्यांनी बाईंना नाव विचारलं, त्यांनी ऑगस्टे सांगितलं. आडनाव विचारलं, पुन्हा ऑगस्टे. नवऱ्याचं नाव विचारलं, तर बहुधा ऑगस्टेच, असं उत्तर आलं. मग त्यांनी पेन्सिल, पेन, किल्ली, चिरूट अशा वस्तू एकेक करून दाखवल्या. बाईंनी सगळ्यांची नावं बरोबर सांगितली. थोड्या वेळाने काय काय दाखवलं होतं असं विचारलं, तर काही आठवेना. दुपारी जेवताना ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय, असं विचारल्यावर त्या पालक म्हणाल्या. आकडेमोडीत मात्र सहा आठे अठ्ठेचाळीस बरोबर आलं. मग अल्झायमर यांनी त्यांना स्वतःचं पूर्ण नाव लिहायला सांगितलं. त्यांनी श्रीमती एवढं लिहिलं आणि पुढचं विसरून गेल्या. प्रत्येक शब्द पुन्हा सांगावा लागला. अल्झायमर यांनी हे सगळं, चुका आणि बरोबर उत्तरं दोन्ही, जसंच्या तसं उतरवून घेतलं. बाईंना आपलं काहीतरी बिनसलंय याची जाणीवही होती. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचं त्या सांगत.

इथं जरा थांबू या. वैद्यकशास्त्र इतकं पुढे गेलं, तरी आज स्मृतिभ्रंशाची पहिली चाचणी या संवादापेक्षा फार वेगळी नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली आणि जगभर वापरली जाणारी एमएमएसई नावाची चाचणी घ्या. आज तारीख काय, आपण आहोत कुठे, तीन शब्द सांगतो ते लक्षात ठेवा, ही पेन्सिल आहे की आणखी काही, शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. रक्त काढायला नको, यंत्र नको. घड्याळाचं चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगणं, ही तर आणखी सोपी. निदान या चाचणीवर होत नाही, पण इथं काहीतरी गडबड आहे, पुढे तपासायला हवं, एवढं कळतं.

मात्र चाचणी जशीच्या तशी उचलून चालत नाही, हे आपल्या देशात ठळकपणे दिसलं. कधी शाळेत न गेलेल्या आजींना वाक्य लिहायला सांगितलं आणि त्यांना ते आलं नाही, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ परिसरात भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून या चाचणीचं हिंदी रूप तयार केलं, ते नेमकं याच अडचणीतून. कागदावरची सूचना वाचून डोळे मिटायला सांगण्याऐवजी तपासणारा म्हणतो, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा, आणि स्वतः डोळे मिटतो. माणूस समोर बसलेला आहे, त्याला काय येत होतं आणि आता काय येत नाही, हे पाहायचं आहे. त्याचं शिक्षण मोजायचं नाही. अल्झायमर यांनीही डेटरबाईंच्या नवऱ्याला आधी विचारून घेतलं होतं, की घरी नेमकं काय बदललं. आज तज्ज्ञ नातेवाइकाला विचारायचे प्रश्न वेगळे ठेवतात, कारण रुग्ण स्वतः बहुधा सगळं ठीक असल्याचं सांगतो.

१९०३ मध्ये अल्झायमर फ्रँकफर्ट सोडून आधी हायडेलबर्गला आणि तिथून म्युनिकला गेले. दोन्हीकडे त्यांचे वरिष्ठ होते एमिल क्रेपेलिन. मनोविकारांचं वर्गीकरण करणारं क्रेपेलिन यांचं पाठ्यपुस्तक तेव्हा युरोपभर प्रमाण मानलं जात होतं. म्युनिकमध्ये अल्झायमर यांना सुरुवातीला पगारी जागासुद्धा नव्हती. पत्नीने मागे ठेवलेल्या पैशावर घर चालायचं आणि प्रयोगशाळेचाही काही खर्च त्यातूनच व्हायचा. १९०४ मध्ये त्यांनी जो मोठा प्रबंध सादर केला तो विस्मरणाच्या रोगावर नव्हता, तर जनरल पॅरेसिसवर होता. सिफिलिस वर्षानुवर्षं शरीरात दबून राहून शेवटी मेंदूवर हल्ला करतो, त्याला जनरल पॅरेसिस म्हणतात. तेव्हाच्या मनोरुग्णालयांत असे रुग्ण खच्चून भरलेले असत. रक्ततपासणीची सोय नव्हती. वासरमान यांची चाचणी आली ती १९०६ मध्ये. मग हा पॅरेसिस आहे, की रक्तवाहिन्या कडक झाल्याचा परिणाम, की म्हातारपणाचा ऱ्हास, हे कसं ओळखायचं? मेंदूच्या कापात यांच्या खुणा वेगळ्या कशा दिसतात, हे अल्झायमर यांनी शेकडो रुग्णांचा अभ्यास करून दाखवलं. सगळ्या वेडांना एकाच पोत्यात कोंबण्याची सवय त्यांनी मोडायला घेतली, ती इथून.

म्युनिकच्या त्या प्रयोगशाळेत जगभरातून तरुण डॉक्टर येत. इटलीचे गाएतानो पेरुसिनी, उगो चेर्लेत्ती, फ्रांचेस्को बोनफिल्यो, स्पेनचे निकोलास आचुकारो, अमेरिकेतून आलेले सॉलोमन कार्टर फुलर, जर्मनीतलेच आल्फोन्स याकोब आणि फ्रीडरिश लेवी. अल्झायमर मंचावरून व्याख्यान देणारे शिक्षक नव्हते. ते एकेका विद्यार्थ्याच्या शेजारी जाऊन बसत, त्याच्या सूक्ष्मदर्शकात डोकावत, दाखवत, समजावत, पुन्हा पाहत. चिरुटाचा शौक मोठा. विद्यार्थ्याकडे बसले की पेटता चिरूट टेबलाच्या कडेला ठेवत आणि बोलण्याच्या नादात तिथंच विसरून पुढच्या टेबलाकडे जात. संध्याकाळी प्रत्येक जागेवर एकेक थोटूक सापडायचं, अशी आठवण विद्यार्थ्यांनी सांगून ठेवली आहे. ज्यांच्या नावाशी विस्मरण कायमचं जोडलं गेलं त्यांच्याबद्दल ही आठवण राहावी, हाही एक योगच.

या शिकवणीचं फळ पाहायचं असेल तर नुसती नावं पाहावीत. लेवी यांनी १९१२ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत जे गोळे पाहिले त्यांना आज लेवी बॉडीज म्हणतात, आणि त्यांच्यामुळे होणारा स्मृतिभ्रंश हा अल्झायमरखेरीजचा एक महत्त्वाचा प्रकार आहे. याकोब आणि पुढे अल्झायमर यांच्याकडेच काम केलेले क्रॉइट्सफेल्ट या दोघांची नावं मिळून आणखी एका झपाट्याने वाढणाऱ्या मेंदूविकाराला मिळाली. एका खोलीतून इतके रोग वेगळे ओळखले गेले.

फुलर यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्यांचा जन्म लायबेरियातला, आजोबा एके काळी अमेरिकेत गुलाम होते. मॅसॅच्युसेट्सच्या एका सरकारी मनोरुग्णालयात नोकरीला असताना १९०४ च्या सुमारास ते म्युनिकला येऊन शिकले. परतल्यावर १९१२ मध्ये तोवर नोंदलेल्या सगळ्या अल्झायमर रुग्णांचा आढावा त्यांनी इंग्रजीत घेतला आणि स्वतःचा एक रुग्णही त्यात जोडला. रंगामुळे त्यांना गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा कमी पगार मिळाला आणि हक्काचं पद डावललं गेलं. पण १९२० च्या दशकात टस्कीगी इथं कृष्णवर्णीय माजी सैनिकांसाठी रुग्णालय उभं राहिलं, तेव्हा तिथं जाणाऱ्या तरुण कृष्णवर्णीय डॉक्टरांना फुलर यांनी तयार केलं. मेंदूत पोहोचलेला सिफिलिस कसा ओळखायचा, हा त्या शिकवणीतला मुख्य धडा. असे सैनिक चुकीच्या निदानामुळे लष्करी लाभांना मुकत होते. डॉक्टरला ओळखता आलं, की रुग्णाच्या पदरात नेमकं काय पडतं, याचं इतकं रोखठोक उदाहरण क्वचित सापडतं.

आता पुन्हा डेटरबाईंकडे. अल्झायमर यांनी शहर बदललं, पण या रुग्णाचा पिच्छा सोडला नाही. ते फ्रँकफर्टला विचारणा करत राहिले. ८ एप्रिल १९०६ ला बाई गेल्या. अंथरुणाला खिळल्यामुळे झालेल्या जखमांमधून जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. सिओली यांनी केसपेपर आणि मेंदू म्युनिकला पाठवला. चांदीच्या क्षारांनी रंगवण्याची बिएल्शोव्स्की यांची पद्धत तेव्हा नवी होती. ती वापरल्यावर अल्झायमर यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर ठिकठिकाणी कसल्या तरी पदार्थाचे पुंजके साचलेले, आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते. मेंदूच्या बाह्यपटलातल्या सुमारे पाव ते एक तृतीयांश पेशींची अशी गत झाली होती. काही ठिकाणी पेशी संपलेली आणि मागे फक्त गुंता उरलेला.

३ नोव्हेंबर १९०६ ला ट्युबिंगेन इथं नैऋत्य जर्मनीतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या बैठकीत त्यांनी हे मांडलं. अध्यक्षांनी प्रश्न आहेत का, असं विचारलं. एकही हात वर झाला नाही. पुढचा वक्ता उभा राहिला. पुढच्या वर्षी छापून आलेला वृत्तान्तही जेमतेम दोन-तीन पानांचा होता.

मग नाव मिळालं कसं? १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत हा विकार अल्झायमरचा रोग म्हणून नोंदवला. हाती तेव्हा मोजकेच रुग्ण होते. इतकी घाई का केली, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. म्युनिक आणि प्राग यांच्यातली चुरस हे एक कारण सांगितलं जातं, आणि ते मला पटण्यासारखं वाटतं. प्रागमध्ये ऑस्कर फिशर यांनी १९०७ मध्येच १२ वृद्ध रुग्णांच्या मेंदूत तेच पुंजके दाखवले होते. फिशर ज्यू होते. १९४२ मध्ये नाझींच्या टेरेझिनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला आणि त्यांचं काम कितीतरी वर्षं विस्मृतीत गेलं.

क्रेपेलिन यांच्या त्या नोंदीत एक मेख होती. हा रोग तुलनेने तरुण वयात होणारा, म्हणून म्हातारपणाच्या विस्मरणापेक्षा वेगळा, असा त्याचा अर्थ घेतला गेला. खुद्द अल्झायमर यांना याबद्दल शंका होती. १९११ मध्ये दुसऱ्या एका रुग्णाविषयी लिहिताना त्यांनी विचारलं, की वृद्धांमध्ये हेच बदल दिसत असतील तर हा वेगळा रोग म्हणायचा कसा? पण पाठ्यपुस्तकात एकदा रेघ मारली गेली, की ती पुसायला पिढ्या लागतात. पुढची साठ-पासष्ट वर्षं डॉक्टरांना हेच शिकवलं गेलं, की पासष्टीच्या आत असेल तर अल्झायमर, नंतर असेल तर वय झालं. अल्झायमर हा त्यामुळे परीक्षेपुरता लक्षात ठेवायचा दुर्मिळ रोग बनला. दारात येणारे शेकडो वृद्ध मात्र घरी परत पाठवले जात राहिले. १९६८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांनी वृद्धांच्या मेंदूंतले पुंजके मोजले आणि त्यांच्या जिवंतपणीच्या चाचण्यांशी ताडून पाहिले. १९७६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठासून मांडलं, की दोन्ही रोग एकच आहेत आणि म्हणून हा दुर्मिळ नसून अतिशय मोठा आजार आहे. रोग तोच होता. शिकवण बदलली आणि तो दिसू लागला.

आपल्याकडे ती जुनी रेघ अजून पुरती पुसलेली नाही. साठी बुद्धी नाठी ही म्हण काय, म्हातारचळ हा शब्द काय, त्यात निदान करण्यासारखं काही आहे असं सुचवलंच जात नाही. आणि हे फक्त घरच्यांचं नाही. आजोबांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं, तर रक्तदाब पाहिला जातो, साखर पाहिली जाते आणि विसरण्याचं सांगितलं की वयाकडे बोट दाखवून बी कॉम्प्लेक्स लिहून दिलं जातं. ६० वर्षांवरील भारतीयांच्या एका देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की त्यांपैकी सुमारे ७.४ टक्के म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांमध्ये आणि ग्रामीण भागात प्रमाण जास्त. जगभरात यातल्या चारपैकी तिघांचं निदान झालेलं नाही, असं २०२१ च्या जागतिक अल्झायमर अहवालात म्हटलं आहे, आणि काही गरीब देशांत हे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जातं. इतक्या लोकांना पुरतील एवढे मेंदूविकारतज्ज्ञ कुठून आणायचे? म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रशिक्षण पुस्तिकेत साध्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी स्मृतिभ्रंश कसा ओळखावा, याचा स्वतंत्र भाग आहे.

बरा होत नाही तर लवकर ओळखून काय मिळणार, असं पुष्कळ जण विचारतात, काही डॉक्टरही. पहिलं उत्तर असं, की विसरणारा प्रत्येक जण अल्झायमरचा नसतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड मंदावणं, नैराश्य, झोपेच्या आणि इतर काही गोळ्यांचा परिणाम, पडल्यानंतर कवटीत हळूहळू साचलेलं रक्त, यांतही माणूस असाच वागतो, आणि हे वेळीच सापडलं तर बऱ्याचदा सुधारतं. अल्झायमर जनरल पॅरेसिस वेगळा काढत होते, ते याच कारणासाठी. दुसरं म्हणजे, खरोखरच अल्झायमर असेल तर अजून समज शाबूत आहे तोवर पैशाअडक्याची, मृत्युपत्राची, कुणाबरोबर राहायचं याची व्यवस्था रुग्णाला स्वतः लावता येते. गॅस बंद करायला कोण जाणार, हे घरच्यांना ठरवता येतं. पुंजके कमी करणारी जी नवी औषधं गेल्या काही वर्षांत आली आहेत ती फक्त सुरुवातीच्या टप्प्यात आणि तीही थोडासाच वेग कमी करतात; मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका असतोच. पण उशीर झालेल्या रुग्णाला तीही देता येत नाहीत. आणि संशय, आरडाओरडा, वस्तू लपवणं हा स्वभाव नसून आजार आहे, एवढं कळलं तरी घरातली निम्मी भांडणं मिटतात. डेटरबाईंच्या नवऱ्याला बायको आपल्यावर असा संशय का घेते आहे, हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

१९१२ मध्ये अल्झायमर यांना ब्रेस्लाऊ विद्यापीठात मनोविकारशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं. आज हे शहर पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्सवाफ. तिकडे जाताना आगगाडीतच ते आजारी पडले. घशाच्या संसर्गाचं निमित्त झालं आणि हृदयावर परिणाम झाला. त्यातून ते नीट सावरले नाहीत, तरी वॉर्ड आणि प्रयोगशाळा चालूच ठेवली. पुढे महायुद्ध आलं, विद्यार्थी पांगले. १९१५ च्या डिसेंबरमध्ये पेरुसिनी जखमी सैनिकांवर उपचार करताना तोफगोळ्याने घायाळ होऊन गेले. त्याच महिन्याच्या १९ तारखेला अल्झायमर यांनीही शेवटचा श्वास घेतला. वय ५१, डेटरबाई भरती झाल्या तेव्हा होतं तेवढंच. फ्रँकफर्टला सेसिलींच्या शेजारी त्यांचं दफन झालं.

डेटरबाईंचे केसपेपर दरम्यान कुठेतरी गहाळ झाले होते. फ्रँकफर्ट विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ कोनराड माउरर आणि त्यांचे सहकारी ते शोधत होते, आणि १९९५ च्या डिसेंबरमध्ये रुग्णालयाच्या जुन्या दप्तरात एक निळी फाइल सापडली. पानं ३२. काही वर्षांत म्युनिकमध्ये त्यांच्या मेंदूच्या काचपट्ट्याही मिळाल्या. त्यांतून जनुकीय तपासणीचे प्रयत्न झाले. एका गटाला तरुण वयातल्या अल्झायमरशी जोडलेला दोष सापडला, दुसऱ्या गटाला तो आढळला नाही. निळ्या फाइलमध्ये अल्झायमर यांच्या हस्ताक्षरातले प्रश्न आहेत, उत्तरं आहेत, बाईंचे फोटो आहेत, आणि एका कागदावर बाईंनी स्वतः लिहायचा प्रयत्न केलेलं, अर्ध्यावर सुटलेलं नाव आहे.